तीन डब्ल्यू टाकू का नको?

राजारामपुरीत आमचं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान आहे. आधी इथंच सायबर कॅफे होता. तेव्हापासून एक प्रश्न काही हटलेला नाही: "वहिनी, पुढं तीन डब्ल्यू टाकू का नको?" परवा कागलकडचे एक आप्पा सातबारा बघायला आले. नातवानं साइटचा पत्ता चिठ्ठीवर लिहून दिलेला. मी टाइप करायला लागले तर म्हणतात, "अगं पोरी, पयला ते डब्ल्यू मार की. न्हाईतर लागंल कसं?" पूर्वी परगावाहून कोल्हापूरला फोन लावताना 0231 फिरवायचो, तसलाच हा काहीतरी आकडा असणार, असा त्यांचा हिशेब.

चूक आप्पांची नाही. पत्त्याच्या पुढं दोन वेगवेगळ्या गोष्टी चिकटलेल्या असतात आणि आपण त्यांना एकच समजतो.

पहिली गोष्ट कोलन आणि दोन स्लॅशच्या आधी येते: एचटीटीपी किंवा एचटीटीपीएस. हायपरटेक्स्ट ट्रान्सफर प्रोटोकॉल. प्रोटोकॉल म्हणजे दोन कॉम्प्युटरनी आपसात बोलायची ठरलेली रीत. ही रीत टिम बर्नर्स-ली यांनी जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधन संस्थेत बसवली. वेबचा प्रस्ताव त्यांनी 1989 मध्ये मांडला होता. ते दोन स्लॅश खरं तर नसते तरी चाललं असतं, हे 2009 मध्ये त्यांनी स्वतःच कबूल केलं. तोवर आपल्याकडच्या पेंटरांनी ते किती बोर्डांवर रंगवले असतील कोण जाणे!

आता एस. एस म्हणजे सिक्युअर. आमच्या दुकानात आठ माणसं रांगेत असताना एखादा मागून ओरडतो, "वहिनी, ओटीपी आलाय, घ्या लिहून, चार सात..." साधं एचटीटीपी म्हणजे हे. तुमचा मजकूर वाटेत ज्याच्या ज्याच्या हातातून जातो, त्याला तो वाचता येतो आणि बदलताही येतो. एस असला की तोच मजकूर कुलपात जातो. बस स्टँडवरच्या फुकटच्या वायफायवाल्याला तुम्ही कोणत्या साइटवर गेलात हे सहसा कळतं, पण तिथं काय वाचलंत, कोणता पासवर्ड टाकलात हे कळत नाही. समोरच्या कॉम्प्युटरवर दोघांची दारंही (त्यांना पोर्ट म्हणतात) वेगळी असतात: साध्याचं 80 नंबरचं, एसचं 443 नंबरचं.

हा एस तुम्ही हातानं टाइप करायची गरज आता जवळजवळ राहिलेली नाही. नुसतं नाव टाकलं की 2021 पासून क्रोम आधी एसच्या दारावर टकटक करतं. तिथं कुणी नसलं तरच साध्या दाराकडं वळतं आणि पत्त्याशेजारी 'नॉट सिक्युअर' लिहितं. हे लिहिलेलं दिसलं तर वाचायला हरकत नाही, पण आधार नंबर, पासवर्ड, कार्डाचा आकडा तिथं टाकायचा नाही. मी तर गिऱ्हाईकाला स्पष्ट सांगते, हा फॉर्म मी भरणार नाही.

पण माझं खरं भांडण उलट बाजूच्या लोकांशी आहे. "वहिनी, पत्त्याशेजारी कुलूप दिसतंय की, मग साइट खरीच." नाही हो! कुलपासाठी साइटला सर्टिफिकेट लागतं आणि लेट्स एन्क्रिप्ट ही संस्था 2015 च्या शेवटापासून ते सगळ्यांना फुकट देते. चांगलंच काम आहे, माझ्या भाच्याच्या साइटलाही तेच आहे. पण चोरालाही ते तितक्याच सहज मिळतं. चोराच्या साइटवर तुमचा पासवर्ड वाटेत कुणी पाहत नाही, थेट चोराच्या हातात सुखरूप पोचतो. लोक कुलपाला प्रामाणिकपणाचा शिक्का समजतात, म्हणून क्रोमनं 2023 मध्ये ते चिन्हच काढून टाकलं.

मग खरी साइट ओळखायची कशी? पाकिटावर आपण लिहितो: सातवी गल्ली, राजारामपुरी, कोल्हापूर. लहानापासून मोठ्याकडं. साइटचं नावही तसंच असतं. दोन स्लॅशच्या पुढं जो पहिला एकटा स्लॅश येतो तिथं थांबा (तो नसेल तर पत्ता संपतो तिथं) आणि तिथून उलटं वाचा. आप्पांच्या चिठ्ठीवर होतं: भूलेख डॉट महाभूमी डॉट गव्ह डॉट इन. शेवटचं इन म्हणजे भारत, गव्ह म्हणजे सरकार, महाभूमी हे त्या खात्याचं घर, भूलेख ही त्यातली एक खोली. उद्या कुणी 'महाभूमी डॉट गव्ह डॉट इन डॉट अमुकतमुक डॉट कॉम' अशी लिंक पाठवली, तर पुढं सरकार कितीही दिसू दे, घर अमुकतमुकचं. मोबाइलवर पत्ता अर्धाच दिसतो; त्यावर बोट टेकवलं की पूर्ण उघडतो. पैसे गेलेच तर लाजत बसू नका, लगेच सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला, 1930 ला, फोन लावा.

आता दुसरी गोष्ट, तीन डब्ल्यू. ती नुसती एक खोली आहे, भूलेखसारखीच. पूर्वी एकाच संस्थेचं मेलचं मशीन वेगळं, फायलींचं वेगळं, वेबचं वेगळं असायचं. वेबच्या मशीनला डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू नाव द्यायची पद्धत पडली. सक्ती कधीच नव्हती. जगातल्या पहिल्या वेबसाइटचा पत्ता होता इन्फो डॉट सर्न डॉट सीएच, त्यात एकही डब्ल्यू नाही.

म्हणजे डब्ल्यूसकटचं नाव आणि बिनडब्ल्यूचं नाव ही दोन वेगळी नावं झाली. मालकानं दोन्हीची सोय केली असेल तरच दोन्ही चालतात. भाच्यानं हे पैसे मोजून शिकलं. चप्पल लाईनमध्ये त्याचं दुकान आहे. साइट करून घेतली, बोर्डावर आणि पाचशे कार्डांवर तीन डब्ल्यूसकट पत्ता छापला, आणि पुण्याच्या गिऱ्हाईकाचा फोन आला की साइट उघडत नाही. ह्याच्या मोबाइलवर मात्र उघडत होती, कारण हा डब्ल्यू न टाकता बघायचा. साइट करून देणाऱ्यानं फोन उचलणं बंद केलं होतं. शेवटी रात्री दुकान बंद करून आम्हीच बसलो.

तुमचंही असं झालं असेल तर डोमेन, म्हणजे साइटचं नाव, जिथून घेतलं तिथं लॉग इन करून डीएनएसचं पान उघडा; कोणतं नाव कुठल्या मशीनवर न्यायचं, त्याची ही नोंदवही. तिथं बिनडब्ल्यूच्या नावाची नोंद असेल, डब्ल्यूची नसेल. सीनेम प्रकारची, म्हणजे 'हे नाव त्या नावाचंच दुसरं नाव' असं सांगणारी, नोंद घाला: नावात तीन डब्ल्यू, लक्ष्याच्या जागी आपलं मूळ नाव. मग होस्टिंगमध्ये, म्हणजे साइट जिथं ठेवलीय तिथं, सर्टिफिकेटात दोन्ही नावं आहेत का ते पाहा, नाहीतर साइट लागते पण ब्राउझर लालभडक इशारा देतो. शेवटी दोन्हींतलं एक नाव पक्कं करून दुसऱ्यावरून त्यावर 301 रिडायरेक्ट लावा, म्हणजे दुसरं नाव टाकणारा आपोआप पक्क्या नावाकडं वळतो. कोणतं पक्कं करायचं ते तुमच्या बोर्डावर काय रंगवलंय त्यावर ठरवा. आम्ही डब्ल्यूवालं ठेवलं. पाचशे कार्डं कोण टाकून देणार?

कोलनच्या आधी एचटीटीपीच असतं असं नाही. माझ्या काउंटरवरच्या पैशांच्या क्यूआरमध्ये 'यूपीआय कोलन स्लॅश स्लॅश पे' लिहिलंय, म्हणून स्कॅन केल्यावर ब्राउझरऐवजी पैशांचं अ‍ॅप उघडतं. 'टेल' असेल तर फोन, 'मेलटू' असेल तर मेल.

आप्पांना सातबारा दिसला. मी चिठ्ठीवर पत्ता मोठ्या अक्षरात पुन्हा लिहून दिला आणि दोनदा सांगितलं, डब्ल्यू लागत नाही. त्यांनी मान डोलावली, चष्मा चढवला, खिशातलं पेन काढलं आणि माझ्यादेखत पुढं तीन डब्ल्यू लिहिले. "असू दे गं," म्हणाले, "पोरगं इसरतंय."