थॅलेसेमिया, हृदय आणि फुप्फुस: आमच्याकडून झाल्या, तुम्ही या चुका टाळा

जतची एसटी चुकू नये म्हणून एकदा मीच म्हणालो होतो, "सिस्टर, थोडं फास्ट सोडा की." मुलीला थॅलेसेमिया, म्हणजे अंगात रक्त नीट तयार होत नाही आणि ते सारखं बाहेरून द्यावं लागतं. मिरजेत तिला रक्त लावलेलं, पिशवी निम्मी शिल्लक आणि बाहेर अंधारून आलेलं. गाडीनं कवठेमहांकाळ सोडलं तशी पोरगी खोकायला लागली. माझ्या मांडीवर डोकं टेकलं की घुसमटून उठून बसायची. मला वाटलं, खिडकीचं वारं लागलं. खरं तर रक्त भरभर गेल्यानं फुप्फुसात पाणी साठत होतं. त्या रात्री ऑक्सिजन आणि लघवी होण्याचं इंजेक्शन दिल्यावर ती आडवी झाली.

रक्त कमी असतं तेव्हा हृदय आधीच जास्त राबत असतं. त्यात घाई केली की त्याला भार झेपत नाही. साधारण वेग तासाला किलोमागे ५ मिली. हृदय कमजोर असेल तर त्याहून हळू. पण फ्रीजमधून काढलेली पिशवी ४ तासांत संपवावी लागते, म्हणून अशा मुलांना डॉक्टर एका वेळी कमी रक्त देतात आणि जास्त वेळा बोलावतात. हेलपाटे वाढतात, वाढू द्या. रक्त चालू असताना दम लागला तर लगेच सिस्टरांना थांबवायला सांगा. नंतरच्या १२ तासांत लागला तरी सकाळ व्हायची वाट बघू नका.

ही चूक निदान लगेच दिसली. दुसरी वर्षानुवर्षं दिसत नाही.

एका पिशवीतून साधारण २०० ते २५० मिलिग्रॅम लोह अंगात जातं आणि शरीर दिवसाला जेमतेम १-२ मिलिग्रॅम बाहेर टाकतं. वर्षाला २५ पिशव्या धरा, ५ ग्रॅमच्या वर झालं. ते यकृतात, ग्रंथींत आणि हृदयाच्या स्नायूत साठतं. मग ठोके चुकायला लागतात, हृदय थकतं. म्हणून आयर्न काढायच्या गोळ्या. दहावीच्या वर्षी कपाट आवरताना हिच्या जुन्या कंपासपेटीत १९ गोळ्या निघाल्या. आईनं विचारलं तर म्हणाली, "मळमळतं गं. आणि मला कुठं काय होतंय?" रागवायला तोंड उघडलं होतं, पण तिचं खोटं नव्हतं. लोह साठताना हृदय कुरकुरत नाही. मळमळ डॉक्टरांना सांगितली असती तर वेळ किंवा गोळीचा प्रकार बदलता आला असता. गोळी आपल्या मनानं बंद करायची नाही, याला अपवाद एकच: डेफेरिप्रोन (या गोळ्यांतलाच एक प्रकार) चालू असताना ताप आला किंवा घसा दुखला तर ती थांबवून त्याच दिवशी रक्ततपासणी. तिच्यानं पांढऱ्या पेशी एकदम उतरू शकतात.

फेरिटिन, म्हणजे अंगातल्या लोहाचा अंदाज देणारा रक्ततपासणीतला आकडा, उतरलं तेव्हा आम्ही पेढे वाटायचेच बाकी ठेवले होते. ईसीजी, टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी) नॉर्मल. मग हृदयातलं लोह मोजणारा टी-टू-स्टार एमआरआय केला, आकडा १३. २० मिलिसेकंदांच्या खाली म्हणजे हृदयात लोह, १० च्या खाली म्हणजे मोठा धोका. फेरिटिन हृदयाचं नेमकं सांगत नाही आणि इको बिघडतो तोवर बराच उशीर झालेला असतो. मूल ८-१० वर्षांचं झालं की या तपासणीबद्दल विचारा. सगळ्या सेंटरवर ती होत नाही, निघायच्या आधी फोन करा.

पाव्हणेरावळे टॉनिक आणतात. आयर्नचं असेल तर बाजूला ठेवा. व्हिटॅमिन सीच्या गोळ्याही डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोत, लोह सुटून हृदयाला बाधू शकतं. जेवणावर चहा ढोसायची आपली खोड मात्र इथं उपयोगी पडते, चहानं अन्नातलं लोह कमी शोषलं जातं.

प्लीहा काढलेल्यांना आणि क्वचितच रक्त लागणाऱ्या इंटरमीडियाच्या (थॅलेसेमियाचा सौम्य प्रकार) पेशंटना फुप्फुसाच्या रक्तवाहिन्यांतला दाब वाढायचा धोका जास्त. जिना चढताना धाप, पायांवर सूज आली तर "रक्त कमी झालं असेल" म्हणून सोडू नका, इको करून घ्या. प्लीहा काढल्यावर ताप आला तर त्याच दिवशी दवाखाना.

आता रक्ताच्या दिवशी आम्ही मिरजेत मेव्हण्याकडं मुक्काम करतो. रात्री एकदा उठून बघतो, पोरगीनं डोक्याखाली दुसरी उशी घेतलीय का.