ख्रिस्तविरोधकावर शास्त्राभ्यास घ्यायचा असेल तर

या विषयाला हात घातला की बहुतेक संगतींत लगेच बायबलच्या शेवटच्या पुस्तकाचा, प्रकटीकरणाचा १३वा अध्याय उघडला जातो, आणि गाडी तिथेच रुळावरून घसरते. 'ख्रिस्तविरोधक' हा शब्द प्रकटीकरणात एकदाही येत नाही. तो फक्त योहानाच्या पत्रांत आहे: १ योहान २:१८, २:२२, ४:३ आणि २ योहान ७. चार वचनांत मिळून पाच वेळा, बस्स.

दीड तासाच्या चार बैठका ठरवा. प्रत्येकाने वहीच्या एका पानावर तीन रकाने आखावेत: योहान, पौल, प्रकटीकरण. ज्या रकान्याचा उतारा चालू असेल त्यात तेवढेच लिहायचे. रकान्यांमधल्या जोडरेषा पेन्सिलीनेच काढायच्या, कारण शेवटी काही खोडाव्या लागतात.

पहिली बैठक योहानाच्या पत्रांची. तो म्हणतो की ख्रिस्तविरोधक येणार हे तुम्ही ऐकले आहे, आणि आताच अनेक उठलेत. पुढचेच वचन सांगते की ते 'आपल्यातूनच' बाहेर पडले. म्हणजे मंडळीतलीच माणसे. त्यांची ओळखही शिकवणुकीवरून: येशू हाच ख्रिस्त हे नाकारणे, तो देहाने आला हे नाकारणे. शिंगे, आकडे, राज्यकर्ते यातले काहीच इथे नाही. कुणी 'पण ६६६?' (प्रकटीकरण १३:१८ मधला श्वापदाचा आकडा) असे विचारलेच, तर तिसऱ्या बैठकीपर्यंत थांबायला सांगा.

दुसऱ्या बैठकीत २ थेस्सलनीकाकरांस, अध्याय २. पौलाचा शब्द वेगळा आहे, अनीतिमान पुरुष. तो देवाच्या मंदिरात बसून स्वतःला देव म्हणवतो. हे चित्र हवेतले नाही. इ.स.पू. १६७ मध्ये सिरियाचा ग्रीक राजा अंतियोख चौथा याने यरुशलेमचे मंदिर विटाळले; दानीएल ११:३१ आणि मत्तय २४:१५ शेजारी ठेवून वाचा. सैतानाचा संबंध नवव्या वचनात येतो: हा पुरुष सैतानाच्या कृतीने येतो, तो स्वतः सैतान नव्हे. या पुरुषाला आवरून धरणारा कोण (वचने ६-७), यावर वाद पेटतोच. रोमी सत्ता, पवित्र आत्मा, मीखाएल अशी बरीच उत्तरे दिली गेली आहेत. थेस्सलनीकाकरांना पौलाने ते तोंडी सांगितले होते, आपल्याला नाही. दहा मिनिटे द्या आणि पुढे चला.

तिसऱ्या बैठकीला मात्र वेळ हातात ठेवा. आधी दानीएल ७. सिंह, अस्वल, चार डोक्यांचा चित्ता आणि दहा शिंगांचे चौथे श्वापद. डोक्यांची बेरीज करायला लावा: एक, एक, चार, एक. सात. मग प्रकटीकरण १३:१-२ वाचा. समुद्रातून वर आलेल्या श्वापदाला सात डोकी, दहा शिंगे, चित्त्याचे अंग, अस्वलाचे पाय, सिंहाचे तोंड. प्रकटीकरण लिहिणाऱ्या योहानाने दानीएलाची चारही श्वापदे एकात ओतली, हे आकडेमोडीतून समजले की लोकांना पुन्हा सांगावे लागत नाही. श्वापदाला आसन आणि अधिकार देतो तो अजगर. तो कोण हे १२:९ सांगते, जुनाट साप, दियाबल, सैतान.

आता ६६६. हिब्रू अक्षरांना संख्यामूल्य असते. 'नेरोन केसर' (रोमी सम्राट नीरो) फळ्यावर मांडा: नून ५०, रेश २००, वाव ६, नून ५०, कोफ १००, सामेख ६०, रेश २००. बेरीज ६६६. लॅटिन उच्चाराप्रमाणे शेवटचा नून गाळला तर ६१६, आणि काही जुन्या हस्तलिखितांत खरोखर ६१६ च आहे. दुसरी बाजूही सांगा: ग्रंथ ग्रीक आहे आणि 'केसर' हिब्रूत बहुधा आणखी एका अक्षराने लिहितात, मग बेरीज ६७६ होते. अर्थात आखूड लिखाण मृत समुद्राजवळच्या वादी मुरब्बात येथील एका दस्तात सापडले आहे. दुसऱ्या शतकात इरेनियस या बिशपने ६१६ ही नकलेतली चूक ठरवली, दोन-तीन नावे सुचवली, पण कोणत्याही नावावर शिक्कामोर्तब केले नाही. तोच कित्ता गिरवा. अ = १, आ = २ धरून कुणाही नेत्याचे नाव ६६६ मध्ये बसवता येते.

आधार कार्ड, बारकोड, लस हे प्रश्न येणारच. त्यासाठी १३:१५-१७ आणि लगेच १४:१ वाचा. एकीकडे श्वापदाच्या भक्तांची खूण, दुसरीकडे कोकऱ्याच्या लोकांच्या कपाळी पित्याचे नाव. खूण उपासनेशी बांधलेली आहे. बँकेत अंगठा लावणे ही उपासना नव्हे.

चौथी बैठक १९:११ ते २०:१० ची. २०व्या अध्यायातल्या ख्रिस्ताच्या राज्याच्या हजार वर्षांबद्दल मंडळ्यांत मतभेद आहेत. कुणी ती ख्रिस्ताच्या येण्यानंतरची मानतात, कुणी येण्याआधीची; ऑगस्टीनच्या वाटेने जाणारे तिला मंडळीचा चालू काळ समजतात. कॅथलिक चर्च पृथ्वीवरच्या हजार वर्षांच्या राज्याची कल्पना नाकारते, तेव्हा वसईचे कुणी पाहुणे असतील तर हे आधीच लक्षात असू द्या. ख्रिस्ताच्या येण्याच्या तारखेचा विषय निघाला तर विल्यम मिलरच्या अनुयायांचा २२ ऑक्टोबर १८४४ आणि हॅरल्ड कॅम्पिंगचा २१ मे २०११ आठवून द्या. दोन्ही दिवस आले आणि गेले. मग मत्तय २४:३६.

शेवटी १९:२० आणि २०:१० शेजारी ठेवा. श्वापद आणि खोटा संदेष्टा (१३:११ मधले दुसरे श्वापद) आधी अग्नीच्या सरोवरात पडतात. सैतानाला हजार वर्षे अगाधकूपात बंद केले जाते, सोडले जाते, आणि नंतर तिथेच टाकले जाते जिथे ते दोघे आहेत. ज्यांनी सैतान आणि श्वापद एकच धरून पेन्सिलीची रेघ ओढली असेल, त्यांनी ती इथे खोडावी.