स्वादुपिंडाचे जिवंत काप कसे करावेत

स्वादुपिंड स्वतःलाच पचवायला बसलेलं असतं, हे आधी डोक्यात ठेवा. पाचकरस बनवणाऱ्या पेशी फुटल्या की प्रथिनं तोडणारं ट्रिप्सिन शेजारच्या आयलेटांवर (इन्शुलिन बनवणाऱ्या पेशींच्या पुंजक्यांवर) तुटून पडतं. म्हणून दात्याच्या स्वादुपिंडाचा तुकडा येण्याआधीच मी सगळ्या द्रावणांत ट्रिप्सिनला रोखणारं अ‍ॅप्रोटिनिन घालून बाटल्या बर्फात ठेवते. एकदा एका बाटलीत घालायचं राहिलं. दुपारपर्यंत काप कडेने विरून गेले.

चरबी, पांढरे तंतू, जाड नळ्या सूक्ष्मदर्शकाखाली निगुतीने काढा. इथे कंटाळा केलात तर पातं तंतूत अडकतं आणि अख्खा काप ओढून फाडतं. मग अर्ध्या सेंटिमीटरचे ठोकळे करून टिपकागदावर हलके टिपा. ठोकळे जेलीसारख्या गोठणाऱ्या अ‍ॅगारोजमध्ये बसवायचे असतात आणि ओला ठोकळा अ‍ॅगारोजमधून निसटतो. अ‍ॅगारोज कमी तापमानाला वितळणारंच हवं, ओतताना 37 अंशांवर. गोठलं की सुपरग्लूने चिकटवा आणि व्हायब्रॅटोमवर (थरथरत्या पात्याने काप घेणाऱ्या यंत्रावर) 120 मायक्रॉनचे काप घ्या. पात्याचा वेग कमीच ठेवा. सुटलेला काप तरंगतो, तो मऊ ब्रशने उचला.

आयलेट वेगळे काढण्यापेक्षा हा खटाटोप का? कोलॅजिनेज या विकराने ऊती विरघळवताना टाइप 1 मधुमेहातले आधीच खिळखिळे झालेले आयलेट टिकत नाहीत. कापात ते जागेवर राहतात, भोवतीच्या टी पेशींसकट (या रोगप्रतिकारक पेशी). उंदरांवर ही पद्धत 2003 मध्ये आली.

काप 3 मिलिमोलर ग्लुकोजमध्ये तासभर तरी निवांत ठेवा. आयलेट स्वादुपिंडाच्या जेमतेम 1-2 टक्के, त्यामुळे काही कापांत ते सापडतच नाहीत. डायथायझोन या रंगाने ते लाल दिसतात, पण ते पेशींना बाधतं. मोजणीच्या कापाला लावू नका.

आता काप वाहत्या द्रावणात ठेवून ग्लुकोज 3 वरून 16.7 करा आणि ठरावीक वेळाने बाहेर पडणारं द्रावण गोळा करा. आयलेटातल्या निरोगी बीटा पेशी आधी झपकन इन्शुलिन सोडतात, मग संथपणे सोडत राहतात. ग्लुकोज पुन्हा 3 वर आणून शेवटी पोटॅशियम क्लोराइड द्या. ते साखर ओळखण्याची पायरी टाळून साठलेलं इन्शुलिन थेट बाहेर काढतं. ग्लुकोजला दाद नाही पण पोटॅशियमला आहे, म्हणजे साठा आहे, साखर ओळखण्यात बिघाड आहे. दोन्हींना दाद नसेल तर लगेच मधुमेहावर खापर फोडू नका. काप आम्ल-अल्कोहोलमध्ये घालून आतलं इन्शुलिन मोजा. भरपूर निघालं तर बहुधा काप आपल्याच हातून मेलाय. तो निकाल वहीत खोडून टाका.