घरच्या कॅसेटवरची जुनी विनोदी मालिका वाचवायची कशी

आपल्याकडे व्हीसीआर घरोघरी पोचू लागला तो 1982च्या एशियाडनंतर, रंगीत टीव्हीच्या मागोमाग. त्यामुळे सत्तरच्या दशकातला मुंबई दूरदर्शनचा 'चिमणराव' मूळ प्रक्षेपणातून कुणी घरी टेप केलेला सापडणं अवघड. पण 1984ची 'ये जो है जिंदगी', 1988ची 'वागळे की दुनिया', नव्वदच्या दशकातली 'श्रीमान श्रीमती' किंवा 2001 साली अल्फा मराठीवर सुरू झालेली 'श्रीयुत गंगाधर टिपरे' यांचे भाग माळ्यावरच्या कॅसेटवर निघू शकतात. यातलं बरंच आज इंटरनेटवर आहे. पण काही भाग अर्धवट असतात, काहींचा आवाज विरलेला, आणि जवळपास सगळ्यांतून मधल्या जाहिराती, निवेदिका आणि 'रुकावट के लिए खेद है'ची पाटी कापलेली. घरच्या कॅसेटवर ते सगळं आहे, म्हणून ती टाकून देऊ नका.

कामाला लागण्याआधी एक गोष्ट पक्की करा: विनोदी मालिकेत चित्रापेक्षा आवाज महत्त्वाचा. चेहऱ्यावर ठिपक्यांच्या थोड्या मुंग्या दिसल्या तरी चालतं, पण संवाद ओठांच्या मागे पडला की विनोद मेला. पुढचे बहुतेक निर्णय यावरूनच घ्यायचे आहेत.

कॅसेट मशीनमध्ये घालण्याआधी

झाकण उचलून आणि खिडकीतून दोन्ही रिळं उजेडात बघा. टेपच्या कडेवर पांढरट किंवा राखाडी भुकटी, जाळी किंवा ठिपके दिसले तर ती बुरशी. मुंबई, कोकण, गोव्याच्या दमट हवेत हे हमखास होतं. अशी कॅसेट एकदा जरी चालवली तरी बुरशी हेडवर, म्हणजे मशीनच्या टेप वाचणाऱ्या भागावर, बसते आणि त्याच मशीनमध्ये घातलेल्या पुढच्या चांगल्या कॅसेटवर चढते. बुरशीच्या कॅसेट वेगळ्या पिशवीत ठेवा आणि सर्वांत शेवटी हाताळा. त्यातलं काही दुसरीकडे कुठेच मिळणार नसेल तर टेप साफ करून देणाऱ्या माणसाकडेच द्या. घरी करायचंच असेल तर मास्क लावून, गॅलरीत बसून, टेप हाताने हळू गुंडाळत धागे न सुटणाऱ्या कोरड्या कापडातून न्या. त्याआधी आठ-दहा दिवस हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर ठेवा, म्हणजे ओल निघते आणि बुरशी भुकटी होऊन सुटते. उन्हात अजिबात ठेवू नका, टेप आक्रसते.

वरच्या कडेकडे जास्त लक्ष द्या. व्हीएचएसमध्ये साधा आवाज टेपच्या वरच्या कडेला अरुंद पट्टीत असतो आणि वेग सांभाळणारी नियंत्रणाची पट्टी खालच्या कडेला. चित्र मधल्या भागात तिरप्या रेघांत. म्हणून वरची कड चुरगळली असेल तर चित्र ठीक आणि आवाज खाली-वर असा प्रकार होतो. तो सॉफ्टवेअरने पुरता सुधारत नाही.

कॅसेटच्या पाठीवरचा रेकॉर्डिंग रोखणारा प्लॅस्टिकचा तुकडा अजून शाबूत असेल तर आधी तो तोडा. चुकून बटण दाबलं गेलं तर मूळच पुसलं जाईल.

वर्षानुवर्षं न चाललेली टेप आधी पूर्ण पुढे आणि मग पूर्ण मागे अशी एकदा गुंडाळून घ्या. चिकटलेले वेढे सुटतात, ताण सारखा होतो. गुंडाळताना मशीन कण्हायला लागलं तर थांबा: कवच वाकलं असेल. खालचे पाच स्क्रू काढून दोन्ही रिळं चांगल्या कॅसेटच्या कवचात हलवता येतात. उघडण्याआधी टेपचा मार्ग फोनवर फोटोत टिपून ठेवा. टेप तुटली असेल तर सेलोटेप लावू नका. त्याचा डिंक गरम हेडवर पसरतो. टेप जोडायची खास पट्टी घ्या आणि ती कॅसेटच्या आतल्या अंगाला असलेल्या बाजूवर लावा, कारण बाहेरची बाजू हेडला घासते.

मशीन आणि जोडणी

रेकॉर्ड न करणारा व्हीसीपीसुद्धा चालतो. महत्त्वाचं एवढंच की तो पालचा, म्हणजे आपल्या टीव्हीच्या पद्धतीचा हवा. आपलं प्रक्षेपण पाल-बी पद्धतीचं, 625 रेघा आणि सेकंदाला 25 फ्रेम. अमेरिकेतल्या नातेवाइकांनी पाठवलेली कॅसेट एनटीएससी, म्हणजे तिकडच्या पद्धतीची असते. तिला दोन्ही पद्धती चालवणारं मशीन लागतं.

पहिल्या कॅसेटआधी हेड साफ करा. 99 टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेला मऊ साबराच्या चामड्याचा तुकडा किंवा साधा पांढरा कागद हेड बसवलेल्या फिरत्या ड्रमवर आडवा टेकवून स्थिर धरा आणि ड्रम वरून बोटाने सावकाश फिरवा. कागद वर-खाली कधीच घासायचा नाही. हेडचं बारीक टोक तुटतं. ड्रमला कापसाची काडी नको, धागे अडकतात. तीच काडी शेजारच्या स्थिर आवाजाच्या हेडला आणि रबरी चाकाला चालते. साफ केल्यावर दहा मिनिटं सुकू द्या.

पुढची साखळी अशी: व्हीसीआर, मग सिग्नलची वेळ सुधारणारं यंत्र, मग कॅप्चर डिव्हाइस (चित्र आणि आवाज कॉम्प्युटरच्या फाइलमध्ये उतरवणारं), मग कॉम्प्युटर. मधलं यंत्र बरेच जण वगळतात आणि तिथेच आवाज निसटतो. जुन्या टेपवर ओळींची लांबी क्षणाक्षणाला बदलते. स्वस्त यूएसबी डिव्हाइसला ते झेपत नाही, ते फ्रेम टाकून देतं. चित्र आक्रसतं, आवाज तेवढाच राहतो. अर्ध्या तासाच्या शेवटी संवाद एक-दीड सेकंद मागे पडलेला सापडतो. वेगळं यंत्र महाग वाटत असेल तर जुना डीव्हीडी रेकॉर्डर मध्ये ठेवा. बऱ्याच मॉडेलांमध्ये आत येणारं चित्र आधी सावरलं जाऊन मगच बाहेर पडतं. त्यात डिस्क घालायची गरज नाही.

आवाजाची वायर कॅप्चर डिव्हाइसलाच जोडा, कॉम्प्युटरच्या माइकच्या भोकात नाही. चित्र एका घड्याळावर आणि आवाज दुसऱ्यावर चालला की दोघं हळूहळू दुरावतात. व्हीसीआर हाय-फाय असेल, म्हणजे कडेच्या साध्या पट्टीखेरीज चित्राबरोबर भरलेला स्टिरिओ आवाजही वाचत असेल, तर आवाज 'नॉर्मल'वर ठेवा. घरच्या बहुतेक रेकॉर्डिंगमध्ये फक्त साधा मोनो आवाज असतो, आणि 'ऑटो'वर मशीन त्या दोन आवाजांमध्ये उड्या मारतं. सतत घुंऽऽ असा 50 हर्ट्झचा गुणगुणाट आला तर आधी लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर चालवून बघा. बहुधा तिथेच थांबतो.

कॅप्चर

व्हर्च्युअलडब या कॅप्चरच्या सॉफ्टवेअरमध्ये पद्धत पाल-बी निवडा; एनटीएससी राहिली तर चित्र काळं-पांढरं येतं किंवा गडगडतं. आकार 720 बाय 576, 25 फ्रेम, रंग वाययूवाय2, कोडेक (फाइल दाबून साठवण्याची पद्धत) हफवाययूव्ही किंवा लगारिथ. आवाज 48 किलोहर्ट्झ, 16 बिट. तासाला साधारण 30 ते 35 जीबी जागा लागते, म्हणून डिस्क एनटीएफएस हवी. फॅट32वर 4 जीबीपुढे फाइल जात नाही. आवाजाची पातळी मालिकेच्या शीर्षकगीतावर लावू नका. सगळ्यात मोठा हशा किंवा भांडणाचा प्रसंग शोधा आणि तिथे टोक उणे 6 डेसिबलच्या वर जाणार नाही असं बघा. एकदा फाटलेला हशा परत जुळत नाही.

ट्रॅकिंग, म्हणजे हेड टेपवरच्या रेघांवर नीट बसवणं, प्रत्येक कॅसेटला वेगळं लावा. एकाच कॅसेटवर तीन वेळा तीन मशीनवर रेकॉर्डिंग झालं असेल तर प्रत्येक तुकड्याला पुन्हा. फक्त चित्र बघून ठरवू नका, कानही द्या: रेकॉर्डिंगला हाय-फाय आवाज असेल तर तो ट्रॅकिंग चुकलं की फटफटायला लागतो. एलपी वेगावर, म्हणजे तीन तासांच्या कॅसेटवर सहा तास भरलेले असतील, तर आवाज मुळातच बसका असतो. एसपीमध्ये, म्हणजे नेहमीच्या वेगात, टेप सेकंदाला 23.39 मिलिमीटर सरकते, एलपीमध्ये त्याच्या निम्मी, तर गाण्यांची साधी ऑडिओ कॅसेट 47.6. हे कळलं की बसक्या आवाजासाठी मशीनला दोष देण्यात वेळ जात नाही.

टाकलेल्या आणि घातलेल्या फ्रेमचे आकडे खिडकीत दिसतात. दोन रेकॉर्डिंगच्या सांध्यावर दोन-चार गेल्या तर हरकत नाही. भागाच्या मध्यात आकडा चढत असेल तर थांबा, टेप मागे घ्या, पुन्हा करा. प्रत्येक सांध्याला नवी फाइल सुरू केली तर एका ठिकाणची गडबड पुढे सरकत नाही.

लगेच तपासा: सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी दार आपटण्याचा किंवा कप ठेवण्याचा एकेक प्रसंग. तिन्हीकडे आवाज सारखाच मागे असेल तर तो नंतर सरकवता येतो. अंतर वाढत गेलं असेल तर जोडणीत चूक आहे, पुन्हा कॅप्चर करा.

पाहण्यासाठीची प्रत

मूळ मोठी फाइल न छेडता ठेवा आणि तिच्यावरून दुसरी बनवा. हँडब्रेक या सॉफ्टवेअरमध्ये डीइंटरलेससाठी, म्हणजे एकाआड एक ओळींची अर्धी चित्रं (फील्ड) सुटी करून पूर्ण करण्यासाठी, बीडब्ल्यूडिफ, त्यात 'बॉब', आणि 50 फ्रेम निवडा. स्टुडिओत व्हिडिओ कॅमेऱ्यावर चित्रित झालेल्या मालिकांमध्ये सेकंदाला 50 वेळा हालचाल टिपलेली असते. 25वर आणली की हातवारे तुटक होतात, आणि सतीश शहांसारख्या नटाचं निम्मं काम देहबोलीतच असतं. हालचाल मागे-पुढे थरथरली तर फील्डचा क्रम उलटा आहे. एच.264, गुणवत्ता 18, आवाज एएसी. प्रमाण 4:3च ठेवा; रुंद पडद्यासाठी ताणलं की माणसं बसकी दिसतात.

तळाशी फडफडणाऱ्या आठ-दहा ओळी काळ्या करून झाका. आवाजातला सुस्कारा थोडाच कमी करा, सहा डेसिबलपर्यंत. जास्त केलं की 'स', 'श', 'च' बोथट होतात आणि संवादानंतरचा तो क्षणभराचा विराम, ज्यावर हशा यायचा, पोकळ आणि यंत्राचा वाटतो. जाहिराती कापू नका. बघताना नको असतील तर फाइलमध्ये खुणा टाकून पुढे जाता येतं.

फाइलचं नाव मालिका, भाग आणि वर्ष असं ठेवा. वर्ष माहीत नसेल तर जाहिरातींवरून किंवा मधल्या बातम्यांवरून बहुधा लागतं. दोन डिस्कवर प्रती, त्यातली एक दुसऱ्या घरात. ही प्रत घरच्यांसाठी आहे. मालिकेचे हक्क दूरदर्शनकडे किंवा निर्मात्याकडे असतात, तेव्हा विचारल्याशिवाय कुठेही चढवू नका. काम झालं तरी कॅसेट टाकू नका. पूर्ण एका रिळावर गुंडाळून, उभी, लाकडी कपाटात, स्पीकर आणि लोहचुंबकापासून लांब ठेवा आणि पावसाळ्यात डब्यातल्या सिलिका जेलच्या पुड्या बदलत जा.