गाडीच्या मीटरमागचे बल्ब काढून घरीच एलईडी कसे बसवावेत

रात्री मीटरची एक बाजू उजळलेली आणि दुसरी अंधारात, ही अवस्था जुन्या गाड्यांत सर्रास दिसते. मागच्या दोन-चार बल्बांपैकी एखाद्याची आतली तार तुटलेली असते आणि तेवढ्या एका बल्बासाठी निम्मा डॅशबोर्ड उघडावा लागतो. एवढा खटाटोप करायचाच असेल, तर प्रकाशाचे बल्ब एकदाच काढून तेथे एलईडी बसवणे शहाणपणाचे ठरते. मात्र मीटरमागचा प्रत्येक बल्ब बदलण्याजोगा नसतो, आणि या कामात घोटाळा होतो तो बहुधा तेथेच.

पुढील माहिती तारेचे सुटे बल्ब असलेल्या गाड्यांसाठी आहे. २०१४ साली उत्पादन थांबलेली मारुती ८०० हे त्याचे सर्वांच्या ओळखीचे उदाहरण. अलीकडच्या बहुतेक गाड्यांत एलईडी मुळातच सर्किटवर सोल्डर केलेले असतात. त्यांच्या वाटेला घरी जाऊ नये. या बदलाने पेट्रोल वाचते असे कोणी सांगितल्यास तेही मनावर घेऊ नये. मीटरचे चार बल्ब मिळून जेवढी वीज घेतात, त्याच्या कितीतरी पट वीज हेडलाइटचा ६० वॅटचा एकच बल्ब घेतो. फायदा आहे तो उष्णता कमी होण्याचा आणि पुन्हा पुन्हा डॅशबोर्ड न उघडण्याचा.

खरेदीपूर्वी

जुना बल्ब काढून, तो नमुना म्हणून दुकानात नेणे सर्वांत बिनचूक. मीटरमध्ये बहुधा दोन मापांचे कॅपलेस, म्हणजे बुडाशी धातूची टोपी नसलेले, बल्ब असतात: पार्किंग लाइटला लागतो तोच टी-१०, आणि त्याहून बारीक टी-५. एसीच्या पॅनेलमागचे बल्ब आणखी लहान असून अनेकदा होल्डरसकटच मिळतात. पुण्यात नाना पेठेत आणि मुंबईत लॅमिंग्टन रोडवर हे सामान शोधावे. एलईडी वाहनासाठीचा, १२ व्होल्टचा आणि आत प्रवाह आटोक्यात ठेवणारा रेझिस्टर असलेलाच घ्यावा, कारण इंजिन चालू असताना गाडीतला विजेचा दाब साडेचौदा व्होल्टपर्यंत चढतो. सुटा पांढरा एलईडी सुमारे तीन व्होल्टचा असतो. तो थेट जोडल्यास क्षणात जळतो. लांबीही पडताळावी, कारण जुन्या काचेच्या बल्बापेक्षा लांब असलेला एलईडी आत कशाला तरी टेकतो आणि होल्डर पूर्ण फिरत नाही.

तारेचा बल्ब चहूकडे प्रकाश फेकतो, तर स्वस्त एलईडी फक्त समोर. त्यामुळे मीटरवर एक झगझगीत ठिपका उमटतो आणि कडेचे आकडे अंधुक राहतात. म्हणून टोकाबरोबर बाजूंनाही चिप्स असलेला किंवा दुधी टोपीचा एलईडी निवडावा.

रंगाच्या बाबतीत मोह आवरावा. गडद निळा दुकानातल्या काउंटरवर देखणा वाटतो; परंतु घाटातल्या अंधारात तोच डोळ्यांना टोचतो आणि समोरच्या काचेवर त्याचे प्रतिबिंब पडते. शिवाय अनेक गाड्यांत जुन्या बल्बावर हिरवी किंवा निळी रबरी टोपी असते, अथवा मीटरच्या तबकडीलाच मागून रंग दिलेला असतो. नेहमीचा पांढरा एलईडी म्हणजे निळी चिप आणि तिच्यावरचा पिवळसर लेप. त्याच्या प्रकाशात लाल अंश कमी असल्याने तो लाल किंवा नारिंगी गाळणीमागे, म्हणजे अशा रंगाच्या टोपीमागे किंवा तबकडीमागे, निस्तेज दिसतो. अशा वेळी गाळणीच्याच रंगाचा एलईडी घ्यावा. एरवी पिवळसर छटेचा पांढरा पुरेसा असतो.

मीटर बाहेर काढणे

चावी काढून घ्यावी आणि १० नंबरच्या पान्याने बॅटरीची काळी, म्हणजे निगेटिव्ह, वायर आधी सोडवावी. लाल वायर आधी सोडवताना पाना चुकून बॉडीला लागला तर थेट शॉर्ट होतो. काळी सुटलेली असली की तो धोका राहत नाही. बॅटरी सुटल्यावर स्टिरिओला पुन्हा कोड टाकावा लागत असल्यास तो आधीच लिहून ठेवावा. गाडीला एअरबॅग असेल, तर कंपनीच्या पुस्तिकेत सांगितलेला वेळ थांबावे आणि पिवळ्या आवरणाच्या वायरांना हात लावू नये. मीटर काढण्यासाठी स्टिअरिंग उतरवावे लागत असेल, तर ते काम कारागिराकडे सोपवावे.

मीटरभोवतीची प्लास्टिकची चौकट स्क्रू आणि खटक्यांवर बसलेली असते. वरच्या कडेचे स्क्रू चटकन नजरेत येत नाहीत, त्यामुळे चौकट हलत नसेल तर ओढाताण न करता राहिलेला स्क्रू शोधावा. जुने प्लास्टिक ताण सोसत नाही. खटके उचकटण्यासाठी लोखंडी स्क्रूड्रायव्हरऐवजी प्लास्टिकची पट्टी वापरावी. त्यानंतर मीटरचे स्क्रू काढून तो हळूच पुढे झुकवावा. जुन्या गाड्यांत मागे स्पीडोमीटरची केबल असते, तिचा खटका दाबून ती सोडवावी. कपलर, म्हणजे वायरांचे जोड, काढण्यापूर्वी मोबाइलवर फोटो काढावा. मीटर मऊ कापडावर पालथा ठेवावा आणि काट्यांना बोट लावू नये.

कोणता बल्ब बदलावा, कोणता ठेवावा

मागे प्लास्टिकच्या पातळ पत्र्यावर छापलेले तांब्याचे पट्टे दिसतात आणि त्यांत होल्डर खोचलेले असतात. होल्डर डावीकडे पाव वळसा फिरवला की सुटतो. मीटर उजळणारे बल्ब सहसा मोठे असतात. बारीक बल्ब सूचनादिव्यांचे. फक्त मोठे बदलावेत, आणि बारीकांपैकी बॅटरीच्या चिन्हामागचा तर मुळीच बदलू नये. चावी फिरवल्यावर अनेक जुन्या गाड्यांत याच बल्बातून अल्टरनेटरला, म्हणजे इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करणाऱ्या जनित्राला, सुरुवातीचा प्रवाह मिळतो, आणि त्या जोरावर तो वीज तयार करू लागतो. वीज निर्माण झाली की बल्बाच्या दोन्ही टोकांना सारखाच दाब येतो आणि बल्ब विझतो. तीन वॅटचा बल्ब सुमारे पाव अँपिअर प्रवाह देतो, एलईडी त्याच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास. एवढ्याशा प्रवाहावर, इंजिन आयडलिंगला असताना, अल्टरनेटर उठतच नाही आणि बॅटरी गुपचूप उतरत जाते. ज्या दिव्याने हा बिघाड दाखवायचा, त्याच्याच बदलाने तो ओढवून घेण्यात काही अर्थ नाही.

इंडिकेटरचा बाणही तसाच ठेवावा. काही गाड्यांत दोन्ही बाजूंना मिळून एकच बाण असतो आणि त्या बल्बातून प्रवाह कधी या दिशेने, कधी त्या दिशेने वाहतो. एलईडी एकाच दिशेचा प्रवाह घेत असल्याने तेथे तो एकाच बाजूला लुकलुकतो. एअरबॅगच्या दिव्यालाही हात लावू नये.

जुना बल्ब होल्डरमधून सरळ ओढून काढावा. एलईडीच्या बुडाशी असलेल्या बारीक तारा किंचित बाहेर वाकवाव्यात, म्हणजे त्या होल्डरच्या पत्रीला घट्ट टेकतात. खड्ड्यांतून जाताना लुकलुकणाऱ्या मीटरचे कारण बहुधा हीच सैल तार असते. पट्ट्यांवर काळपटपणा असेल तर तो खोडरबराने हलक्या हाताने पुसावा.

बंद करण्यापूर्वीची तपासणी

स्क्रू लावण्याआधी मीटर जागेवर टेकवून सर्व कपलर जोडावेत, मगच बॅटरीची वायर लावून पार्किंग लाइट चालू करावा. एखादा एलईडी पेटला नाही तर तो बिघडलाच असे नाही. पार्किंग लाइट बंद करून तो एलईडी होल्डरमधून काढावा आणि उलटा बसवावा. तपासणी अंधारातच करावी, दिवसा ठिपके दिसत नाहीत.

प्रकाश कमी-जास्त करण्याचे फिरते बटण काही गाड्यांत बल्बांना एकसरीत जोडलेला बदलता रेझिस्टर असतो. एलईडी फारच कमी प्रवाह घेतात, त्यामुळे बटण फिरवूनही फरक जाणवत नाही. त्या ओळीतला एक जुना बल्ब, शक्यतो कडेचा, तसाच ठेवला की बटणाला काम मिळते; लाइट बंद केल्यावरही एलईडी मंद तेवत असतील, तर त्यावरही हाच उपाय पुष्कळदा लागू पडतो.

सर्व ठीक दिसल्यावर बॅटरीची वायर पुन्हा सोडवावी, स्पीडोमीटरची केबल खटका वाजेपर्यंत आत ढकलावी आणि स्क्रू आवळावेत, पण प्लास्टिकचे आटे फिरतील इतके नव्हे. नंतर वायर जोडून चावी फिरवावी: बॅटरी आणि ऑइलचे दिवे आधी लागून, इंजिन सुरू झाल्यावर विझले पाहिजेत. इंजिन चालू असताना मल्टिमीटरने बॅटरीवर साधारण साडेतेरा ते साडेचौदा व्होल्ट दिसावेत. काढलेले जुने बल्ब कागदात गुंडाळून ग्लोव्ह बॉक्समध्ये ठेवावेत. सूचनादिव्यांचे बल्ब मापाने बारीक असतात, त्यांचा एखादा जादा नग त्याच पुडीत टाकावा.