दुखावलेल्या मानाची रात्रीची तपासणी कशी करावी

पहिल्या शतकातील रोमन तत्त्वज्ञ सेनेका याने क्रोधावरील आपल्या ग्रंथात स्वतःची एक रोजची सवय सांगितली आहे. दिवा मालवल्यावर आणि ही सवय ठाऊक असलेली पत्नी गप्प झाल्यावर तो दिवसभरातील आपले बोलणे-वागणे स्वतःपुढे तपासणीसाठी मांडी आणि त्यातले काहीही लपवीत नसे. ही रीत त्याने आधीच्या पिढीतील रोमन तत्त्वज्ञ सेक्स्टियस याच्याकडून घेतली होती. आज कोणता दोष बरा केलास, कोणत्या दुर्गुणाला अडवलेस आणि कोणत्या बाबतीत सुधारलास, असे सेक्स्टियस झोपण्यापूर्वी आपल्या मनाला विचारी.

ही तपासणी आजही करता येते. मात्र तिची सुरुवात मानापमानाच्या प्रसंगांपासून करावी, असे माझे मत आहे. आळस किंवा खोटेपणा निदान दोष म्हणून ओळखू येतो, पण दुखावलेला मान न्यायाची भाषा बोलू लागतो आणि विवेकालाच आपले वकीलपत्र देतो. सेनेकाच्या उदाहरणांतही मेजवानीत कमी मानाचे आसन मिळाल्याने यजमानावर येणारा राग आहे. लग्नकार्यातील मानपान आणि रुसवेफुगवे पाहिलेल्यांना तो समजावून सांगावा लागणार नाही.

दिवसातील एकच प्रसंग निवडावा आणि काय घडले ते विशेषणे न वापरता एका वाक्यात लिहावे. ‘सभेत माझे नाव घेतले गेले नाही’ हे घडलेले; ‘मला अपमानास्पद रीतीने वगळले’ हा आपला निकाल. यानंतर रागाच्या पायऱ्या वेगळ्या कराव्यात. सेनेकाच्या मते पहिला धक्का आपल्या हातात नसतो, त्यामुळे चेहरा तापला किंवा हात थरथरला याबद्दल स्वतःला दोष देऊ नये. दुसऱ्या पायरीवर मन एक निर्णय देते: माझ्यावर अन्याय झाला, म्हणून त्याची परतफेड व्हायला हवी. तिसऱ्या पायरीवर माणूस बेभान होतो आणि तेथे युक्तिवाद चालत नाही. सारी मेहनत दुसऱ्या पायरीवर घ्यायची आहे.

तो निर्णय पूर्ण वाक्यात मांडावा: ‘त्याने मला मुद्दाम डावलले, म्हणून त्याला धडा शिकवणे योग्य आहे.’ आता वाक्याचे दोन्ही भाग स्वतंत्रपणे तपासावेत. ‘मुद्दाम’ हे आपल्याला कशावरून कळले? विसरणे, घाई, अज्ञान ही कारणे बाजूला सारण्याइतका पुरावा आहे का? बहुतेक वेळा पहिला भाग येथेच ढासळतो. तो टिकला, तर दुसरा प्रश्न अधिक अवघड असतो: समोरच्याने खरोखरच डावलले असले, तरी धडा शिकवल्याने नेमके काय दुरुस्त होईल, आणि ते काम रागाविना अधिक चांगले होणार नाही का? प्लेटोने दासाला मारण्यासाठी हात उगारला, पण आपण रागावलो आहोत हे ध्यानात येताच तो हात तसाच रोखून धरला, अशी गोष्ट सेनेका सांगतो. विलंब हा रागावरचा सर्वांत मोठा उपाय, असेही तो म्हणतो.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. हे सांगणारा सेनेका अतिशय श्रीमंत होता आणि सम्राट नीरोचा शिक्षक व सल्लागार होता. जात, गरिबी किंवा हुद्दा यांवरून अपमान सोसणाऱ्याला ‘गप्प बस’ असे सांगण्यासाठी ही पद्धत वापरू नये. तपासणीनंतर अन्याय खराच ठरला तर तक्रार करावी; फक्त ती दुसऱ्या दिवशी, घडलेल्या गोष्टीच्या शब्दांत करावी.

शेवटी निकाल द्यावा, पण सेनेकासारखा: ‘पुन्हा असे करू नकोस, आज तुला क्षमा करतो.’ शिक्षा सुनावत बसल्यास मन पुढच्या रात्रीपासून खोटी साक्ष देऊ लागते. एकच प्रसंग रात्रीमागून रात्री समोर येऊ लागला, तर ती तपासणी राहिलेली नाही, ते कुढणे आहे. अशा वेळी वही मिटावी आणि सकाळी त्या व्यक्तीशी प्रत्यक्ष बोलावे.