साठीनंतरची सनद: निवृत्त होऊन एलएलबीला बसणाऱ्यांसाठी

निवृत्तीच्या वयात एलएलबी करून वकिली सुरू करता येते, आणि महाराष्ट्रात तीन वर्षांच्या अभ्यासक्रमाला वयाची अट आड येत नाही. सनदेचंही, म्हणजे वकिलीच्या परवान्याचंही, तसंच. 45 वर्षं ओलांडलेल्यांना सनद देऊ नये असा नियम बार कौन्सिल ऑफ इंडियाने एकेकाळी केला होता, तो सर्वोच्च न्यायालयाने 1995 मध्ये रद्द केला. त्यामुळे वयाची काळजी सोडा. लोक अडकतात ते कागदपत्रांत, हजेरीत आणि सनद हातात आल्यानंतरच्या पहिल्या दोन वर्षांत.

आधी पदवी तपासा. खुल्या वर्गाला पदवीत किमान 45 टक्के लागतात, ओबीसींना 42 आणि अनुसूचित जाती-जमातींना 40. जुन्या काळी बी.कॉम.ला 44 टक्क्यांवर सुटलेले पुष्कळ आहेत, आणि 'एका टक्क्याने काय होतंय' हे इथे चालत नाही. दुसरी गोष्ट जास्त घातक आहे, कारण ती उशिरा कळते. बारावी न करता पूर्वतयारी परीक्षा देऊन मुक्त विद्यापीठाची पदवी घेतली असेल, तर बार कौन्सिलच्या नियमांनुसार ती एलएलबीसाठी धरत नाहीत. नोकरीत असताना बढतीसाठी अशी पदवी घेतलेले अनेक आहेत. दहावी-बारावी रीतसर करून मग मुक्त विद्यापीठातून पदवी घेतली असेल तर अडचण नाही. पत्राद्वारे एलएलबी करून मात्र सनद मिळत नाही, जाहिरात काहीही म्हणो.

कागद जमवायला प्रवेशाच्या चार महिने आधी लागा: सगळ्या वर्षांच्या गुणपत्रिका, जुन्या कॉलेजचा दाखला, विद्यापीठ वेगळं असेल तर मायग्रेशन प्रमाणपत्र, आणि मधल्या वर्षांसाठी गॅपचं प्रतिज्ञापत्र. महिलांच्या गुणपत्रिकेवर माहेरचं आणि आधारवर सासरचं नाव असतं, तेव्हा विवाह नोंदणीचा दाखला किंवा राजपत्रातली नोंद हाताशी हवी.

सीईटीचा, म्हणजे प्रवेश परीक्षेचा, बाऊ करू नका. ती बहुपर्यायी आहे, मराठी आणि इंग्रजी दोन्हींतून आहे, चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. म्हणजे एकही प्रश्न सोडायचा नाही. वयस्क उमेदवार मागे पडतात ते वेगात. संगणकावर घड्याळ लावून जुन्या प्रश्नपत्रिका सोडवल्या की तेवढं भरून निघतं.

खरी परीक्षा हजेरीची. प्रत्येक विषयाला 70 टक्के हजेरी लागते, आणि नियमाप्रमाणे तासिका सकाळी 8 ते संध्याकाळी 7 या वेळेतच होतात, आठवड्याला साधारण 30 तास. 'नोकरी सांभाळून शेवटची दोन वर्षं काढू' हा बेत इथेच कोसळतो. सेवेत असाल तर कार्यालयाची लेखी परवानगी लागते, आणि ती मिळाली तरी हजेरी भरून निघत नाही. निवृत्त होऊनच प्रवेश घेतलेला बरा. तीन वर्षांत मिळून किमान 12 आठवड्यांची इंटर्नशिपही आहे. एका वर्षात सलग चार आठवड्यांहून जास्त धरत नाहीत, म्हणून ती शेवटच्या सत्रासाठी साठवून ठेवता येत नाही.

अभ्यासाबद्दल दोनच गोष्टी. पहिली, हात. वीस-तीस वर्षं फक्त सह्या आणि शेरे लिहिलेल्या माणसाला दोन-तीन तास सलग लिहिणं जमत नाही, दुसऱ्या प्रश्नालाच बोटं आखडतात. पहिल्या महिन्यापासून रोज चार पानं हाताने लिहा. मराठीतून उत्तरं लिहायची असतील तर आपल्या विद्यापीठात त्याची मुभा आहे का, ते आधी विचारून घ्या. दुसरी, पुस्तकं. 1 जुलै 2024 पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली, 511 कलमांची 358 झाली. फौजदारी प्रक्रिया आणि पुरावा कायदाही बदलले. पुण्याच्या अप्पा बळवंत चौकात अर्ध्या किमतीत मिळणारं जुनं पुस्तक त्या तीन विषयांपुरतं घेऊ नका. मात्र जुनी कलमंही ओळखीची हवीत, कारण त्या तारखेआधीच्या गुन्ह्यांचे खटले अजून जुन्या कायद्याखालीच चालतात.

आणि गाइड नंतर, आधी मूळ कायदा. कलम वाचताना परंतुकावर, म्हणजे कलमाखालच्या अटींच्या भागावर, थांबायची सवय लावा. चेक न वटल्याचं कलम 138 घ्या. गुन्हा काय ते वरच्या परिच्छेदात आहे, पण वकिलाचं काम खालच्या परंतुकात. चेक परत आल्याचा बँकेचा मेमो 3 मार्चला हातात आला, तर 30 दिवसांत, म्हणजे 2 एप्रिलपर्यंत नोटीस जायला हवी. ती समोरच्याला 8 एप्रिलला पोचली, तर पैसे भरायला त्याला 15 दिवस, म्हणजे 23 एप्रिलपर्यंत. नाही भरले तर 24 तारखेला दाव्याचं कारण घडलं, आणि तिथून एका महिन्यात तक्रार दाखल. 23 एप्रिलपर्यंत पैसे भरण्याची मुदत असताना 20 तारखेलाच घाईने केलेली तक्रार टिकत नाही, आणि उशीर झाला तर विलंब माफ करून घ्यावा लागतो. मेमोवरचा शिक्का आणि टपालाची पोचपावती वाचायची सवय बँकवाल्यांना असतेच, पंचविशीतल्या ज्युनिअरला ती नसते.

आमचं मत इथेच ठाम आहे: साठीत सनद घेणाऱ्याने 'सगळं करतो' अशी पाटी लावू नये. ज्या फायली आयुष्यभर हाताळल्या त्यांच्याच शेजारची वकिली करावी. बँकवाल्यांनी 138 आणि कर्जवसुली न्यायाधिकरण, महसूलवाल्यांनी फेरफार आणि जमीन महसूल संहितेखालची अपिलं, शिक्षकांनी शाळा न्यायाधिकरण, सोसायटीचं दप्तर सांभाळलेल्यांनी सहकार न्यायालय. फौजदारी सत्र खटल्यांत उभं राहायला वेगळं आयुष्य लागतं. एक अट मात्र पाहा: न्यायनिवाड्याचे अधिकार असलेल्या पदावरून निवृत्त झाला असाल, तर शेवटच्या तीन वर्षांत जिथे अधिकार वापरले त्या क्षेत्रात दोन वर्षं वकिली करता येत नाही.

सनदेसाठी बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्र अँड गोवाकडे नोंदणी करायची. सर्वोच्च न्यायालयाने जुलै 2024 मध्ये स्पष्ट केलं की कायद्याने ठरलेली नोंदणी फी 750 रुपयेच आहे, अनुसूचित जाती-जमातींसाठी 125. मुद्रांक शुल्क वेगळं. त्यानंतर दोन वर्षांत अखिल भारतीय बार परीक्षा उत्तीर्ण व्हावी लागते: 100 प्रश्न, खुल्या वर्गाला 45 टक्के. टिपा नसलेला मूळ कायदा सोबत नेता येतो. ज्यांनी मूळ कायदा उघडलेलाच नसतो ते तिथे पानं चाळत बसतात आणि वेळ संपतो.

पेन्शन घेत वकिली चालते. पूर्णवेळ पगारी नोकरी चालत नाही, आणि स्वतः धंदा चालवणंही नाही. निवृत्तीनंतर इस्टेट एजंटचं काम सुरू केलेल्यांनी ते बंद करून मगच अर्ज करावा.

पहिली दोन वर्षं सिनिअरकडे काढा आणि त्यातून कमाई धरू नका. मोबाइलवर ई-कोर्ट्समध्ये खटल्याचा 16 आकडी-अक्षरी क्रमांक (सीएनआर) टाकून तारखा बघणं, नक्कल विभागात अर्ज देणं, पुकारा होईपर्यंत दारात उभं राहणं, रोजनाम्यात, म्हणजे कोर्टाच्या त्या दिवसाच्या नोंदीत, काय लिहिलं ते वाचणं, हे काम करावंच लागतं. सिनिअर तुमच्या मुलाच्या वयाचा असेल आणि त्याला 'सर' म्हणावं लागेल. ज्यांच्या तोंडून ते निघत नाही, ते सहा महिन्यांत घरी बसतात.

तीन वर्षं द्यायची तयारी नसेल पण कोर्टाच्या आवारात उपयोगी पडायचं असेल, तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात विधी स्वयंसेवक म्हणून अर्ज करा. निवृत्त शिक्षक आणि कर्मचाऱ्यांना तिथे घेतात, एलएलबी लागत नाही, आधी प्रशिक्षण देतात आणि कामाच्या दिवसांचं थोडं मानधन मिळतं. काम म्हणजे अर्ज लिहून देणं आणि मोफत वकील कोणाला मिळतो ते सांगणं. महिलांना आणि अनुसूचित जाती-जमातींना उत्पन्न न बघता तो मिळतो, आणि नेमकं हेच बहुतेकांना ठाऊक नसतं. वर्षभर हे करून पाहिलं की सीईटीचा अर्ज भरायचा की नाही, ते ठरवणं सोपं जातं.